पाच मशिनी, चार पट्ट्या

"साहेब, मशिनी पाच अन् पट्ट्या चार. एक कुठं गेली?"

आमचे मेकॅनिक तुळशीरामजी पूजेच्या ताटाकडे बोट दाखवून मला विचारत होते. खंडेनवमीचा दिवस होता. देऊळगाव राजातल्या आमच्या नव्या तांत्रिक शाळेच्या वर्कशॉपमध्ये पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोड्या, कानशी असं सगळं लाल कापडावर मांडलेलं होतं. शेजारच्या ताटात झेंडूच्या फुलांमध्ये पितळेच्या चार पट्ट्या होत्या.

"पडली असेल कुठं तरी," मी म्हणालो. "उरलेलं सामान आहे ते. पूजेत कशाला मांडलं?"

"मशिनीतून निघालं ते मशिनीचंच अंग हाय साहेब," असं म्हणून ते वाकले आणि लेथच्या खाली झाडूने चाचपू लागले.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते आणि मला बी.ई. होऊन त्याहून थोडे. वडील डोणगावच्या बाजारात मापारी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. गावच्या मास्तरांनी पुस्तकं दिली, मामांनी नागपूरला राहायला जागा दिली, आणि मी इन्स्ट्रक्टर झालो. या सगळ्यांचे उपकार मी विसरलो नव्हतो. फक्त पदवीही एक क्षण विसरू शकत नव्हतो, एवढीच अडचण होती.

शाळेला परदेशातून पाच लेथ मदत म्हणून मिळाले होते. ते २२० व्होल्टवर चालायचे. आमच्याकडे कारखान्याची लाईन ४४० ची. मशीन तशीच जोडली तर जळणार. म्हणून प्रत्येक लेथवर दोन ठिकाणी काम होतं. एक मोटार, दुसरा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे पाठीमागच्या पेटीतला विटेएवढा ठोकळा. मशीनची बटणं आणि दिवा यांना लागणारी कमी व्होल्टची वीज तो तयार करतो. त्याच्या आत लाईनच्या बाजूला दोन वेटोळी असतात. २२० साठी ती शेजारी शेजारी जोडतात, त्याला दोन पट्ट्या लागतात. ४४० साठी एकामागे एक जोडतात, म्हणजे व्होल्टेज दोघांत वाटून जातं. त्याला मधे एकच पट्टी पुरते. थोडक्यात, प्रत्येक पेटीतून एक पट्टी उरायला हवी.

काम अर्ध्या तासाचं. मी त्याला तीन दिवस लावले, कारण पहिला दिवस लेबलं लिहिण्यात गेला. जाड पुठ्ठ्याचे पाच तुकडे कापले. त्यांवर निळ्या शाईने, वळणदार अक्षरात लिहिलं: '४४० व्होल्ट. तपासले.' खाली सही. सहीच्या खाली बी.ई. ते इतकं छान दिसलं की काम सुरू करण्याआधीच मी पाचही लेबलं मशिनींना बांधून टाकली.

पाचव्या लेथच्या मोटारीची जोडणी बदलून झाली आणि हेडमास्तरांनी मंडप बघायला बोलावलं. दसऱ्याला उद्‌घाटन होतं. परत आलो तेव्हा समोर माझंच लेबल लटकत होतं. तपासले, सही, बी.ई. मी हत्यारं आवरली. माझ्या सहीवर इतका गाढ विश्वास ठेवणारा दुसरा माणूस मला आयुष्यात भेटला नाही.

नवमीच्या सकाळी वीज मंडळाचे लोक येऊन लाईन जोडून गेले. मी थेट मेन स्विचकडे निघालो.

तुळशीरामजी आडवे आले. "आज नाही साहेब. आज मशिनीले सुट्टी असते."

"उद्या पाहुणे येणार. ट्रायल नको?"

"उद्या सकाळी उत्तरपूजा झाली का मंग खटका."

मी हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले, "चालतील ना मशिनी?"

"शंभर टक्के, सर. सगळं तपासलंय."

"मग उद्या सकाळी बघू. घाई कशाची?"

शिकलेल्या माणसाची या गावात किंमत नाही, असं मनात म्हणत मी परत आलो, आणि तेव्हाच पट्ट्यांचा तो हिशेब सुरू झाला.

लेथखाली पट्टी सापडली नाही. तुळशीरामजींनी हळदीकुंकवाची वाटी उचलली आणि एकेका पेटीचं झाकण उघडायला लागले. झाकणाचे स्क्रू हातानेच फिरायचे.

"आता हे काय?" मी विचारलं.

"मोटारीले कुंकू लावलं. मंग हे डबडं काऊन उपाशी ठेवायचं? थेबी काम करतेच ना."

चार ट्रान्सफॉर्मरना टिळे लागले. पाचव्यापाशी ते थांबले.

"साहेब, इकडं या बरं. त्या चौघीले एकेक पट्टी. हिले दोन काऊन?"

मी पाहिलं. या पेटीला मी हातच लावला नव्हता. सकाळी तो स्विच ओढला असता, तर दोन्ही वेटोळ्यांवर दुप्पट व्होल्टेज गेलं असतं आणि ठोकळा धूर सोडून बसला असता. तसा ट्रान्सफॉर्मर अख्ख्या जिल्ह्यात मिळणारा नव्हता. शाळेची मशीन महिनोन्‌महिने पडून राहिली असती, आणि प्रोबेशनवरचा मी डोणगावला धान्य मोजायला.

"पाना द्या," मी घाईने म्हणालो.

"पूजेतला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्या सकाळी. पह्यला पाना तुमालेच देतो. काही पळून नाही जाऊन राह्यली ते."

मग लेबलाकडे पाहत म्हणाले, "मले इंग्रजी येत नाही. याच्यावर काय लिहेल हाय?"

त्यातलं इंग्रजी फक्त बी.ई. एवढंच होतं. मी लेबल तोडून खिशात घातलं.

दसऱ्याला सकाळी सातला कुंकू लागलेला पाना माझ्या हातात आला. मी दोन पट्ट्या काढून मधे एक बसवली. मग बाकीच्या चारही पेट्या पुन्हा उघडल्या. दर वेळी मी 'एकच पट्टी' असं सांगायचो, तुळशीरामजी वाकून बघायचे आणि "हाव" म्हणायचे. मग स्विच ओढला. पाच दिवे लागले. उरलेली पट्टी त्यांनी ताटात ठेवली आणि समाधानाने मोजली. "पाच."

उद्‌घाटन नीट झालं. बाबा पहाटेच्या एस.टी.ने आले होते. धुवट धोतर, नवी टोपी. त्यांना अक्षरओळख बेताची, पण माझं नाव ते ओळखायचे. एकेका लेथसमोर उभं राहून त्यांनी माझ्या सहीवरून बोट फिरवलं. पाचव्यापाशी थबकले.

"याच्यावर तुहं नाव काऊन नाही रे?"

"ही तुळशीरामजींनी तपासली, बाबा."

बाबांनी तुळशीरामजींकडे वळून हात जोडले. "बरं झालं भाऊ. पोरगं नवं हाय. लक्ष ठेवा."

"ठेवतोच ना," तुळशीरामजी म्हणाले.

पुढे नोकरीभर मी असंख्य कागदांवर सह्या केल्या. पण झाकण उघडून बघितल्याशिवाय नाही, आणि सहीखाली बी.ई. लिहिणं तर मी त्याच दसऱ्याला सोडलं.