काटेवाल्यांची दहा मिनिटं

१८ फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी अकरा वाजता ४,८६,५०० रुपयांचा प्रस्ताव साहेबांपुढे मांडायचा होता, आणि तो मांडायचा होता काटेवाल्यांनी. कारखान्याच्या फाटकाजवळ ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं काढलेला हा माणूस. काटा थकला होता. भरलेल्या ट्रकमागे सव्वादोनशे किलो जास्त दाखवायचा, त्यामुळे पैसे जास्त जायचे आणि गोदामात माल कमी भरायचा. नवा काटा मंजूर झाला नाही तर त्या तुटीचं खापर केबिनमधल्या माणसावर फुटणार, हे उघड होतं. कुजबुज सुरूही झाली होती.

आठवडाभर त्यांच्या पायाला भिंगरी होती. जेवता जेवता उठायचे, खिडकीपाशी जाऊन "आदरणीय साहेब" म्हणायचे, परत येऊन घास शोधायचे. घड्याळ लावून बोलले की कधी तेवीस मिनिटं व्हायची, कधी चार. साहेबांनी दिलेली दहा काही होत नव्हती.

"बाबा, एका जागी उभे राहा ना," मुलगी वैतागली. "आणि कागद खाली. वाचायचं नाही, बोलायचं."

"कागद ठेवला तर हातांचं काय करू?"

"लग्नातल्या फोटोत काय केलं होतंत?" बायकोने आतून विचारलं.

"तेव्हा तू धरले होतेस."

"मग आता साहेबांना सांगा धरायला!"

काटेवाले हसले आणि पुन्हा खिडकीपाशी गेले.

मंगळवारी समोर सात साहेब. काटेवाल्यांनी सुरुवातीचं सगळं एका दमात उरकलं आणि मुख्य पुरावा आला.

"एक ट्रक शेजारच्या कारखान्याच्या काट्यावर भरला चोवीस हजार एकशे साठ किलो," ते म्हणाले आणि थांबले.

केबिनमधली रीतच तशी होती. वजन मोठ्याने सांगायचं आणि ड्रायव्हरने तोच आकडा परत म्हटल्याशिवाय पावती फाडायची नाही. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले, ते साहेबांकडे. कोणीतरी खोकलं. काटेवाल्यांनी भुवया उंचावल्या, रेंगाळणाऱ्या ड्रायव्हरपुढे उंचावायचे तशाच.

शेवटी हिशेबाचे साहेब वर्गात उभं केल्यासारखे पुटपुटले, "चोवीस हजार एकशे साठ."

"बरोबर. आणि आपल्या काट्यावर चोवीस हजार तीनशे पंच्याऐंशी."

या खेपेला तिघे एकदम बोलले. बोलता बोलताच मोठे साहेब पुढे झुकले. "एकाच ट्रकचं?"

"एकाच ट्रकचं, साहेब. एकाच तासात."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"चार वेळा लिहून दिलंय."

मोठ्या साहेबांनी प्रस्तावावर सही केली आणि नवा काटा येईपर्यंत शेजारीच तोलायला सांगितलं. तुटीबद्दल केबिनला कोणी विचारायचं नाही, असंही बजावलं. काटेवाले बाहेर बाकावर टेकले, उठले, पुन्हा टेकले. घड्याळात पाहिलं तर सहा मिनिटंच झाली होती.

साहेबांसाठी काढलेल्या सात रंगीत प्रती वाटायच्या राहूनच गेल्या. झेरॉक्सवाल्याला त्यांचे चौऱ्याऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.