पेडण्याला निघालेलं डालगं

खाण बंद झाली त्या वर्षी तिथलं खनिज वाहणारा बाबांचा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला, तो तिथलाच झाला. त्याच्यावर निळी ताडपत्री घातली. आधी टायरांतली हवा गेली, मग बाबांच्या तोंडचं बोलणं गेलं. ट्रकाच्या कर्जासाठी बँकेची माणसं येऊन दारापुढच्या बाल्कांवात, ओसरीवर, बसायची आणि आई त्यांना चहा करून द्यायची. साखळीच्या बाजारात उधारी मागायला बाबा जात नसत, आईच जायची. घरात जे काही चालत होतं ते तिच्या गावठी कोंबड्यांवर. ट्रकाखाली सावली चांगली, म्हणून कोंबड्या तिथेच उकरत बसत. एक तर केबिनमध्ये शिरून ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घालायची. मी हाकलायला गेले तर बाबा म्हणाले, “बसां दी तिका. कोण तरी सीटवर बसता मां.”

माझं कॉलेज झालं ते या कोंबड्यांवर. बसचा पास, पांढरा कोट, जर्नलं, सगळं त्यातून. आमच्या घराण्यात, आईकडून आणि बाबांकडूनही, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही, मिरवूनच सांगते.

आमच्याकडे कोंबड्या अर्धेलीने देतात. आपली तलंग, म्हणजे अंड्यावर यायची कोंबडी, दुसऱ्याच्या घरी सोडायची. दाणापाणी त्यांचं. पुढे पिल्लं होतील ती निम्मी त्यांची, निम्मी आपली. आईने तिच्या बहिणीकडे, पेडण्याला, अशा बऱ्याच सोडल्या होत्या. एका खुराड्यात मुंगूस शिरलं तरी दुसऱ्या गावात आपलं बियाणं राहतं, असा तिचा हिशोब. मुंगसासाठी हा हिशोब बरोबर होता, कोल्ह्यासाठीही. एकाच गोष्टीसाठी तो चुकीचा होता, आणि ती गोष्ट मी कॉलेजात शिकत होते.

शेवटच्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्राच्या परीक्षेला इन्फ्लुएंझा होता. मला पाठ करताना कुणीतरी समोर लागतं, आणि बाबा रिकामेच होते. मी सांगत गेले. हा विषाणू म्हणजे आठ सुट्या तुकड्यांत लिहिलेला मजकूर. वरून दोन तऱ्हेचे काटे. एक पेशीला चिकटायला, दुसरा नव्याने तयार झालेले विषाणू पेशीपासून सुटे करायला. पहिल्याला एच म्हणतात, दुसऱ्याला एन. आपली नक्कल काढताना तो चुका करतो आणि त्या तपासत नाही. म्हणून काटे थोडे थोडे बदलत जातात आणि मागच्या तापाने शिकलेलं आपलं शरीर यंदा त्याला ओळखत नाही.

बाबा म्हणाले, “म्हणजे रंग बदललेली गाडी. गेटवरचो माणूस वळखणा नाय.”

मी म्हटलं, तसंच. पण कधी कधी पाखराचा विषाणू आणि माणसाचा विषाणू एकाच पेशीत शिरतात, डुकराच्या म्हणा नाहीतर माणसाच्या. मग आठ तुकड्यांची अदलाबदल होते आणि तिसराच विषाणू बाहेर पडतो.

“ह्या आमी केलला आसा,” बाबा ताडपत्रीकडे बघत म्हणाले. “दोन मोडक्या गाड्यांची एक.”

“आणि ती गाडी जगात कुठल्याच गेटवर कुणी पाहिलेली नसते, बाबा. तिला म्हणतात महासाथ.”

त्या पेपरात मला चांगले गुण पडले, आणि पुढे म्हापशाला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथेच भाड्याची खोली घेऊन राहू लागले.

नोकरीला लागल्यावरच्या श्रावणातली ही गोष्ट. श्रावणात आमच्याकडे मांसमच्छी बंद. महिनाभर एकही कोंबडी कापली जात नाही, म्हणून खुराडं वर्षातलं सगळ्यात भरलेलं असतं. चवथ होऊन गणपती पोचवले की गावठी कोंबड्यांना मागणी येते. आई त्या दिवसांवर डोळा ठेवून असायची. आणि नेमक्या त्याच दिवसांत तिचा फोन आला की कोंबड्या मान टाकतायत, हिरवं हगतायत, एक सकाळी गेली, दुसरी दुपारी.

मी विचारलं, तुरा निळा पडलाय का? डोकं सुजलंय का? ती म्हणाली, माका काय म्हायत, मी पुरतंय. म्हणजे मेलेल्या कोंबड्या ती हातांनी उचलून माडाखाली पुरत होती. इतर महिन्यांत कोंबडी मलूल दिसली की लोक लगेच कापून मोकळे होतात. श्रावणाने ती वाट बंद केली होती. उरली एकच, अर्धेलीची. धडधाकट दिसतायत त्या डालग्यात घालून उद्या पेडण्याला बहिणीकडे सोडते, असं ती म्हणाली. मी नको म्हटलं, रागावून म्हटलं. तिने “बरा” म्हणून फोन ठेवला. आईचं “बरा” म्हणजे होकार नव्हे, हे मला लहानपणापासून ठाऊक.

म्हणून सकाळी मी म्हापशाच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. आमच्या गावाकडून येणारी डिचोलीची बस आली. आई उतरली, काखेत डालगं, त्याच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा. पेडण्याच्या गाड्या लागतात तिथे ती बाकावर बसली आणि डालगं मांडीवर घेतलं. आतून बारीक कुरकुर येत होती. शेजारी पाव घेऊन बसलेली एक बाई उठून दुसरीकडे गेली.

“चांगल्यो आसत ह्यो,” मी काही बोलायच्या आत आई म्हणाली. “रोगाच्यो घराकडेच ठेवलंय.”

“आज चांगल्या दिसतात. आत काय आहे ते दिसत नाही.”

“तुका दिसता?”

“मलाही दिसत नाही. म्हणूनच सांगते, नेऊ नको. मावशीचं खुराडं जाईल, आणि त्यात आपल्या निम्म्या आहेत.”

“ह्यांच्याच अंड्यांर शिकलंस, आणि आता ह्यांकाच बसमधून उतरयतंस,” आई म्हणाली.

हे तिने मोठ्याने म्हटलं नाही. मोठ्याने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी डालगं घ्यायला हात पुढे केला, तिच्या मनगटाला हात लागला, आणि कोंबड्या माझ्या डोक्यातून गेल्या. मनगट तापलेलं होतं. डोळे लाल. खोकला ती पदराआड दाबत होती. पावसात भिजलंय, कणकण आसा, असं म्हणत होती.

कोंबड्यांमधला विषाणू माणसात सहजासहजी येत नाही. त्याचे काटे ज्या जागी चिकटतात त्या जागा आपल्या घशात कमी, फुफ्फुसात खोल. पण आजारी पाखरं हाताळणाऱ्याला तो क्वचित होतो, आणि झाला तर बरेच जण वाचत नाहीत. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. उत्तर लिहिताना त्यातल्या ‘हाताळणाऱ्या’ला चेहरा नव्हता.

मी तिला म्हटलं, “आई, हे तुला कोंबड्यांकडून आलं असेल तर मावशीकडे तूसुद्धा जायचं नाहीस.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरचं डालगं उचलून जमिनीवर ठेवलं, आणि पायाने थोडं लांब सारलं.

डालगं मी माझ्या खोलीच्या न्हाणीत कोंडलं, हात घासून धुतले आणि आईला रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, पुरलेल्या कोंबड्यांपासून बाकापर्यंत. काही लपवलं नाही. त्यांनी लगेच आम्हा दोघींना मास्क दिले, आईला वेगळ्या खोलीत ठेवलं, अहवालाची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या. घशातला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला. माझ्या वरिष्ठांनी मला कामावर न येता लांब राहायला सांगितलं. ज्या यंत्रांवर मी दुसऱ्यांच्या आयांचे नमुने रोज लावते, त्यांच्या जवळसुद्धा मला जाता येईना. आईच्या खोलीच्या काचेच्या खिडकीबाहेर बाकावर बसून राहिले.

डोक्यात धडा फिरत होता. १९१८ साली मुंबईच्या बंदरात जहाजांबरोबर आलेली साथ. तिची दुसरी लाट पहिलीपेक्षा भयंकर, आणि मेली ती तरणीताठी माणसं. १९५७ ला अदलाबदल, १९६८ ला पुन्हा अदलाबदल, २००९ ला डुकरांतून. त्या प्रत्येकाची सुरुवात कुठेतरी एका पेशीत, एका अंगात झाली असणार. आई आत झोपली होती आणि मी वेड्यासारखी विचार करत होते की तिच्या अंगात माणसाचा फ्लू आणि कोंबडीचा फ्लू दोन्ही असले तर? दोन मोडक्या गाड्या. माझ्याच बापाचं वाक्य मला छळत होतं.

बाबांचा फोन आला. रुग्णालयाने कळवल्यावर पशुवैद्यकाची माणसं पिशव्या घेऊन, हातमोजे घालून आली, मेलेल्या कोंबड्या तपासायला घेऊन गेली. बर्ड फ्लू निघाला तर आसपासच्या सगळ्यांच्या कोंबड्या माराव्या लागतील असं त्यांनी सांगितलं, आणि वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, बोंब झाली. चवथीनंतरच्या विक्रीवर सगळ्यांचीच आशा. पलीकडच्या घरातून कुणी बोललं, बाय शिकलं कित्याक, गावच्या कोंबड्यो मारूक. बाबांनी त्यांना सांगितलं म्हणे, तुमच्यो गेल्यो तर माझ्याकडसून अर्धेलीन घेवा. तोवर बाबांकडे द्यायला एकही उरली नव्हती.

मग मावशीचा फोन. बहीण आली नाही म्हणून तिला घोर. मी सांगितलं की तू इकडे येऊ नको, तुझ्या कोंबड्या कोंडून ठेव, बाहेरची एकही आत घेऊ नको.

“कोंबड्यो मरां देत गो,” ती म्हणाली. “माजी भैण बरी आसा मगे?”

मला बरी आहे म्हणता येईना. माहीत नव्हतं ते कसं म्हणणार?

खोलीवर गेले तर न्हाणीत, डालग्यातून बाहेर आलेल्या त्या ‘चांगल्यो’ कोंबड्यांतली एक मान पिळल्यासारखी मागे वळवून गोल फिरत होती. दुसरी भिंतीशी पडलेली. मी दार लावून पशुवैद्यकांना फोन केला. ते येऊन डालग्यासकट सगळं घेऊन गेले. न्हाणी औषधाने धुताना मी रडले. पुन्हा रुग्णालयात जाऊन बाकावर बसले.

आईचा अहवाल आला तो डॉक्टरीणबाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितला. फ्लूच, पण माणसांचा, दर पावसाळ्यात फिरणारा, एच-थ्री-एन-टू. साधा फ्लू. त्यांनी आत जाऊन आईला तेच सांगितलं, तेव्हा आई उठून बसली.

“साधो?” ती म्हणाली. “माझी हाडां मोडली, आणि साधो?”

आईचं खरं होतं. हा साधा फ्लू म्हणजे १९६८ च्या त्या महासाथीचाच वंशज, थोडा थोडा रंग बदलत अजून हिंडणारा. त्याच्या आठ तुकड्यांतले दोन मूळचे पाखराकडून आलेले. म्हणजे आईच्या घशात पाखराचं काहीतरी होतंच, फक्त ते तिच्या खुराड्यातलं नव्हतं. मी हे तिला सांगितलं नाही. ती पेज मागत होती.

कोंबड्यांचा अहवाल पुढच्या दिवसांत आला. राणीखेत, कोंबड्यांत मर लावणारा जुनाच रोग. तो वेगळाच विषाणू, माणसाला झाला तर फार तर डोळे लाल करतो. वाड्यावरच्या कोंबड्या मारायची गरज पडली नाही. ज्यांच्या राहिल्या होत्या त्यांना पशुवैद्यकांनी लस दिली. पलीकडच्या घरातली बाई आपली तलंग धरून रांगेत पहिली उभी होती, असं बाबांनी हसत सांगितलं.

आमचं खुराडं मात्र रिकामं झालं. चवथीनंतर विकायला काही नव्हतं. ते खुराडं धुऊन, चुना मारून, आईने बरेच दिवस उघडं ठेवलं. मग मावशी पेडण्याहून आली, काखेत डालगं. आमचा निम्मा वाटा, सगळ्या कोंबड्यांच्या डोळ्यांत राणीखेतच्या लसीचे थेंब पडलेले. आईने एकेक उलटीपालटी करून बघितली आणि ट्रकाखाली सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “माणसांची लस खय गावता?”

आई बरी झाली. मावशीकडे रोग पोचला नाही. आई दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस घेते, आणि आमच्या वाड्यावरून मर लागलेल्या खुराड्यातली कोंबडी आता कुणी दुसऱ्या गावाला नेत नाही.