चोपन्न पायऱ्या आणि बशीएवढा देश

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांना वर पोचवलं. म्हणजे देवाघरी नव्हे. ते काम करायला शहरात डॉक्टर होते. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. चौतीस वर्षं बँकेची लिफ्ट, कोर्टाची लिफ्ट, बावीस मजली हॉटेलच्या चार लिफ्टा, सगळ्यांची नाडी त्यांच्या हातात. गल्लीत त्यांना 'वरखाली' म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. स्वतः मात्र ते राहायचे तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत.

लिफ्ट बसवायला जागा होती, नाही असं नाही. पण ती तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानामागच्या अंगणात होती. दर वर्षी इमारतीच्या सभेत हा विषय निघायचा आणि दर वर्षी शिंपी उभा राहून विचारायचा, "मी तळमजल्याचा माणूस. मला लिफ्ट कशाला? पाताळात जायला?" सगळे खो खो हसायचे, चहा प्यायचे आणि जिने चढून घरी जायचे. अकरा वर्षं हा एकच विनोद त्या इमारतीला पुरला होता.

मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना घड्याळ दिलं नाही. घड्याळं आदल्या वर्षीच्या लोकांमध्ये संपली होती. त्याऐवजी एक लखोटा दिला. दोघांची आठ दिवसांची सहल, जगात कुठेही, फक्त कुठे ते पुढच्या शनिवारपर्यंत सहल कंपनीला कळवायचं. साहेबांना वाटलं, म्हातारा डोंगरावर नाहीतर देवदर्शनाला जाईल. मिस्त्रींनी भूमध्य समुद्राच्या काठावरचा एक चिमुकला देश निवडला.

देश कसला, बशी होती ती. सकाळी चालायला निघालेला माणूस चुकून बाहेर जाऊन परदेशात पडेल, एवढा. स्वतःचा विमानतळ नाही, शेजारच्या देशाच्या विमानतळावर उतरायचं. समुद्रात बोटी उभ्या, एकेक मिस्त्रींच्या इमारतीपेक्षा उंच आणि तिच्यापेक्षा स्वच्छ. रस्त्यांवर वर्षातून एकदा मोटारींची शर्यत, जुगाराच्या महालाला राजवाड्यासारखे कळस, आणि राजवाडाही आहेच, खराखुरा. तिथली मांजरंसुद्धा कर चुकवून आलेली असतील असं मिस्त्रींच्या लेकीचं मत होतं.

"बाबा, तिथे तुम्ही करणार काय? श्रीमंत लोकांकडे बघणार?"

"लिफ्टा बघणार," मिस्त्री म्हणाले.

कारण तो सगळा देश एका कड्यावर लटकलेला होता, आणि खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर जायला सरकारने डोंगराच्या पोटात लिफ्टा बसवल्या होत्या. रस्त्यावरच्या लिफ्टा. कुणीही यावं, बटण दाबावं, वर जावं. मिस्त्रींनी निवृत्तीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस मोबाइलवर त्याच पाहण्यात घालवले होते. दरवाजा कसा सरकतो, मजल्याशी बरोबर टेकते का, आवाज कसला येतो. "ऐक, ऐक, हा आवाज ऐक," म्हणून मोबाइल बायकोच्या कानाला लावायचे. बायकोला समोरच्या मोटारीचा हॉर्न ऐकू यायचा.

बायकोला इमारतीत सगळे काकू म्हणायचे. काकू आठ महिने खाली उतरलेल्या नव्हत्या. गुडघे. दोनदा डॉक्टरकडे नेलं ते खुर्चीत बसवून, जावयाने आणि मिस्त्रींनी उचलून, आणि दोन्ही वेळा त्या डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या, ते गुडघ्यांसाठी नव्हे, जावयाच्या पकडीसाठी. डॉक्टर म्हणाले, गुडघे एवढे काही वाईट नाहीत, चालत राहा, नाहीतर बसाल त्या बसालच. काकू म्हणाल्या, बरं. आणि घरी येऊन बसल्या. भाजी टोपलीतून वर यायची, गप्पा खिडकीतून खाली जायच्या. हळूहळू गप्पाही कमी झाल्या. हल्ली त्या दुपारी खिडकीचा पडदा ओढून घेत.

मिस्त्रींच्या जिवाला लागलं होतं ते हे. लिफ्टांचं कौतुक खरंच होतं, पण बशी निवडली ती बायकोसाठी. जगात एक देश असा होता जिथे तिला एकही पायरी चढावी लागणार नव्हती. तिथे तरी ती बाहेर पडेल. नाही पडली, तर ती यापुढे कधीच पडणार नाही, हे त्यांना कळत होतं. बोलून दाखवायची हिंमत नव्हती, एवढंच.

"एक पायरी जरी चढायला लागली," काकू म्हणाल्या, "तर तिथूनच परत येईन. तुम्ही बसा तुमच्या राजाबरोबर पत्ते कुटत."

"एकही नाही. शब्द."

मग मिस्त्री कामाला लागले. सहलीची आखणी त्यांनी कंपनीतून आणलेल्या दुरुस्तीच्या नोंदवहीत केली, कारण दुसरी कुठली आखणी त्यांना येतच नव्हती. वहीत चार रकाने असतात: तारीख, तक्रार, उपाय, ग्राहकाची सही. ग्राहकाची सही झाल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही, हा धंद्याचा नियम. त्यांनी बशीच्या रस्त्यांचे नकाशे नुसते वरून पाहिले नाहीत, बाजूने काढले, जणू तो देश म्हणजे लिफ्टचा एक उभा खड्डा आहे आणि त्यात मजले आहेत. बंदर तळमजला, बाजार पहिला, बाग तिसरा, राजवाडा वेगळ्या विंगेत.

सहल कंपनीतली बाई फोनवर रडकुंडीला आली. "काका, हॉटेलमधून समुद्र दिसतोय, नाश्ता आहे, अजून काय हवंय?"

"दरवाज्यात उंबरठा आहे का?"

"विचारून सांगते."

"आणि उंबरठ्यापासून लिफ्टचं दार किती पावलं?"

"काका, अहो आजवर मला हे कुणी विचारलेलं नाही!"

"म्हणूनच लोक तिथे जाऊन पाय मोडून येतात," मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी समुद्र दिसणाऱ्या दोन हॉटेलांवर त्यांनी फुली मारली. एकाला दारात तीन पायऱ्या, दुसऱ्याची लिफ्ट फोटोतच त्यांना थकलेली वाटली. तिसरं घेतलं. समोर भिंत दिसत होती, पण सार्वजनिक लिफ्ट सोळा पावलांवर.

गुरुवारी सकाळी लेक आली तेव्हा मिस्त्रींनी वही बायकोच्या मांडीवर ठेवली आणि पेन पुढे केलं. ग्राहकाच्या सहीचा रकाना रिकामा होता.

काकूंनी चष्मा लावला. वाचायला त्यांनी वेळ घेतला, पोथी वाचतात तसा, ओळीवर बोट ठेवून. "दिवस पहिला. तक्रार: विमानाचा जिना. उपाय: चाकाची खुर्ची, सांगून ठेवली. तक्रार: स्टेशन डोंगराच्या आत. उपाय: स्टेशनातच लिफ्ट. दिवस दुसरा. तक्रार: राजवाडा उंचावर..." मग थांबल्या. "राजाला गुडघे नसतात वाटतं. एवढ्या उंच राहतो."

"पुढे वाच. त्याचीही सोय केलीय."

काकू पुढे नाही गेल्या. मागे आल्या. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ही सुरुवात विमानतळावर."

"हो."

"आणि मी विमानतळावर कशी पोचले?"

"टॅक्सीने."

"टॅक्सी तिसऱ्या मजल्यावर येणार आहे?"

लेकीने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मग पदर नाही म्हणून तोंडात हातरुमाल कोंबला. मिस्त्रींनी पेनाला टोपण लावलं. परक्या देशातला एकेक उंबरठा त्यांनी मोजला होता, आणि दाराबाहेरच्या चोपन्न पायऱ्या विसरले होते. ज्या इमारतीत लिफ्ट नाही, ती त्यांच्या वहीत चौतीस वर्षं आलीच नव्हती. ती त्यांच्या लेखी इमारतच नव्हती.

काकूंनी वही मिटली आणि परत दिली. "सही नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही, त्यामुळे जास्त लागलं.

मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत असं नाही. जेवले, पण भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा बोलले नाहीत. दुपारी जिन्यात जाऊन बसले. तीन मजले, मजल्याला अठरा पायऱ्या, मध्ये वळण, म्हणजे नऊ आणि नऊ. चौतीस वर्षं धावत चढलेला जिना त्यांनी पहिल्यांदा पाहिला. मग वही उघडून विमानतळाच्या ओळीवरच्या कोऱ्या जागेत लिहिलं: दिवस शून्य. तक्रार: घर.

शुक्रवारी सकाळी दहाला जिन्याच्या प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक मजल्यावर एकेक स्टूल होतं. दोन घरातली, एक लेकीच्या डिकीतलं, दोन शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. तळाशी, जिन्याच्या तोंडाला, मिस्त्रींनी कंपनीची पिवळी पाटी अडकवली: 'लिफ्टचे काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' दुसरी पाटी त्यांच्याकडे नव्हती. मध्येच कुणी धावत येऊन काकूंना धक्का देऊ नये, एवढाच हेतू.

पण पाटी ती पाटी. पाच मिनिटांत बातमी फिरली. दुसऱ्या मजल्यावरची मास्तरीण दारात आली. "लिफ्ट येतेय? कुणी सांगितलंच नाही!" पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन चहाचा कप घेऊनच बाहेर. आणि खालून शिंपी ओरडला, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, त्यामुळे अर्धे शब्द कळले नाहीत, पण भावना पोचली.

"लिफ्ट नाही," मिस्त्री वरून म्हणाले. "काकू उतरतायत."

यावर सगळ्या जिन्याने मान वर केली. लिफ्ट येणं शक्य होतं, हे नव्हतं.

काकूंनी देवापुढे हात जोडले, दार ओढलं, आणि एक हात कठड्यावर, एक लेकीच्या खांद्यावर ठेवून पहिली पायरी उतरल्या. मिस्त्री दोन पायऱ्या खाली, पाठमोरे नाही, तोंड वर करून, मागे मागे उतरत. नऊ पायऱ्या, स्टूल. नऊ पायऱ्या, मास्तरीण, पाणी. काकू म्हणाल्या, "तुमच्या बशीपेक्षा हा देश मोठा दिसतोय."

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधलं वळण आलं आणि काकू थांबल्या. स्टुलावर बसल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. चेहरा उतरला होता.

"दुखतंय?" लेकीने विचारलं.

"नाही." काकूंनी खालच्या पायरीकडे बोट केलं. "आठ महिने झाले, इथे बसले होते मी. त्या दिवशी. पाय मुरगळला, भाजी सांडली, उठताच येईना. पाऊण तास. चार जण ओलांडून गेले. काय काकू, हवा खाताय का, म्हणत. मी म्हटलं, हो."

पोस्टमनांनी कप खाली केला. मास्तरीण आत गेली, मग परत बाहेर आली.

"मला सांगितलं नाहीस," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही त्या दिवशी हॉटेलात होता. दहा मिनिटं अडकलेल्या पाहुण्यांना सोडवत. संध्याकाळी चांगलं रंगवून सांगितलंत. शाबासकी मिळाली म्हणालात. मग मी काय बोलणार?"

मिस्त्री खालच्या पायरीवर मटकन बसले. माफी मागणं त्यांना जमत नसे. त्यांच्या पिढीच्या नवऱ्यांना तो रकानाच दिलेला नव्हता. पण धंद्याचा एक नियम त्यांना येत होता. लिफ्टमध्ये कुणी अडकलं, तर दार उघडेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. काहीही बोला, पण गप्प बसायचं नाही. अंधारातल्या माणसाला आवाज पुरतो.

"तिथे बंदरावर," मिस्त्री म्हणाले, "बोटी इतक्या मोठ्या की बोटीवर छोटी बोट ठेवलेली असते. आणि छोट्या बोटीचा वेगळा नोकर."

"त्या नोकराला बोट असेल?"

"बघून येऊ. उतर एक."

काकू एक उतरल्या.

"आणि जुगाराच्या महालात आत जाताना कपडे बघतात. माझी चप्पल बघून हाकलतील."

"हाकलू देत. मी आत जाईन, तुम्ही बाहेर लिफ्ट खेळा." आणखी एक उतरल्या. "तिथल्या राणीला सांगेन, हा माणूस माझाच आहे, पण ओळख दाखवू नका."

मिस्त्री बोलत राहिले. पोस्टमनही बोलू लागले, त्यांना थांबवावं लागलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी काकूंनी चोपन्नाव्या पायरीवरून पाय जमिनीवर ठेवला, आणि शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून दुकानातली खुर्ची आपण होऊन पुढे केली.

"वहिनी! तुमचा गाऊन आठ महिने शिवून पडलाय. मला वाटलं, आवडला नाही."

"बघितल्याशिवाय कसा आवडेल?" काकू खुर्चीत बसल्या. दारासमोरून रस्ता जात होता. सायकल, कुत्रं, पाव विकणारा, भांडणारे दोघे. काकूंनी ते सगळं पोटभर पाहिलं. मग हात पुढे केला. "वही."

दिवस शून्य. तक्रार: घर. उपायाच्या रकान्यात मिस्त्रींनी काहीच लिहिलं नव्हतं. काकूंनी पेन घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'बोलत राहणे.' पुढे सही केली. मिस्त्रींनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. मग सहल कंपनीतल्या बाईला फोन लावला आणि म्हणाले, ठरलं, आणि उंबरठ्याचं काय झालं?

तासभर गेला. काकू खुर्चीतच. येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलत, कापडाबद्दल मत देत. शिंपी घुटमळायला लागला. "वहिनी, म्हणजे, वर कधी जाणार?"

"चढायची मला तशी घाई नाही," काकू म्हणाल्या. "मी बसते ना इथेच. लिफ्ट झाली की जाईन."

शिंपी हसला, कारण जुन्या सवयीने त्याला तो विनोद वाटला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची दुकानात आणखी हातभर आत सरकवली.

मिस्त्री मागच्या अंगणाच्या दारात उभे होते, एक डोळा मिटून लिफ्टच्या जागेचा अंदाज घेत. खिसे चाचपले, हवं ते सापडलं नाही.

"जरा टेप देता?" ते म्हणाले.

आणि शिंप्याने गळ्यातली काढून दिलीसुद्धा.