मनालीची गाठ आणि माझा राग

“पायनिओब्लास्टोमा,” डॉक्टर म्हणाले. जावयाने तो शब्द पुन्हा विचारला. मी विचारला नाही. त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं होतं, हा कॅन्सर आहे.

मनाली माझी थोरली लेक. लग्न होऊन रोह्याला गेली, तरी सीझनला पेणजवळ जोह्याच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात यायचीच. मूर्तीचे डोळे आखावेत तर तिनेच. बापाची बढाई समजा हवं तर.

त्या वर्षी मात्र तिने आखलेले डोळे वाकडे येऊ लागले. एका मूर्तीची बुबुळं खाली उतरलेली, दुसरीच्या पापणीला दोनदा रेघ. ती मान मागे टाकून काम करायची. मला वाटलं, पोरीचं लक्ष नाही. दारात मूर्ती न्यायला टेम्पो उभा होता. चार कारागिरांदेखत मी ओरडलो, “काय गो, लक्ष कुठं हाय तुझं? पूस ते सगळं, परत आख!”

“बाबा, मला दोन-दोन दिसतंय.”

“नाटकं नकोत.”

तिने मुकाट्याने सगळ्या मूर्ती पुसून पुन्हा आखल्या.

दोन महिन्यांनी डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा तिला पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नुसतं वर बघायला सांगितलं. बुबुळं वर जाईनात. एमआरआयमध्ये पायनियल ग्लँडला गाठ दिसली. ही मेंदूच्या अगदी मध्यावरची, वाटाण्यापेक्षाही लहान ग्रंथी. गाठीचा दाब पडला की नजर वर जात नाही, म्हणूनच ती मान मागे टाकत होती.

मुंबईला ऑपरेशन झालं. ते चालू असतानाच फ्रोझन सेक्शन केलं, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून घाईने तपासला. “पायनियलचीच गाठ आहे. प्रकार आत्ता नक्की सांगता येत नाही, तुकडा फार लहान आहे,” असा निरोप आला. आम्ही तेवढ्यावरही आशा धरली. तुम्ही पक्क्या रिपोर्टची वाट बघा. आमचा आठ दिवसांनी आला, तोच सुरुवातीला सांगितलेला पायनिओब्लास्टोमा.

पेशी तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला स्लाइड दाखवली. सौम्य गाठीत पेशी ऐसपैस असतात, मध्ये गुलाबी तंतू आणि भोवती पेशींचं कडं. मनालीच्या पेशी खेटून बसलेल्या होत्या. प्रत्येकीत काळंनिळं केंद्रकच, भोवती जागा जवळजवळ नाही. “या बघा, किती जणी एकीच्या दोन होतायत,” बाई म्हणाल्या. मी बघत राहिलो.

रेडिएशन झालं, केमो झाली. मनाली वर्षभर झुंजली आणि गेली.

तिच्या स्लाइड हॉस्पिटलातून घ्यायला गेलो तेव्हा बाईंना विचारलं, “दोन महिने आधी आणली असती तर?”

त्या म्हणाल्या, “पेशी याच असत्या, काका. गाठ लहान असती. वाचली असती का, ते मला सांगता येणार नाही.”

खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तुमच्या घरात कुणाचा कामात बसलेला हात अचानक बिघडला, तर आधी डॉक्टर गाठा, राग नंतर.

मनालीची माफी मात्र मी मागितली नाही. वर्षभर तिच्या उशाशी होतो, तरी नाही. “असू दे बाबा,” म्हणाली असती. तिने असं सहज माफ केलेलं मला सोसलं नसतं.