कुमुदकाकूंचं क्रियापद

कुमुदकाकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी योकोहामा स्टेशनच्या जिन्यात होते. काकू महिनाभरासाठी मुलासोबत गावी गेल्या होत्या; साताऱ्याहून त्यांच्या मुलाचा, निखिलचा फोन. “आई पहाटे गेली. झोपेतच,” एवढंच तो बोलला... ऑफिसची गाडी सोडून मी तशीच घरी परतले. त्याला आता सहा आठवडे झाले. काकूंविषयी लिहायला बसलं की डोळे भरतात खरे, पण त्याहून जास्त अभिमानाने ऊर भरून येतो. म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे.

काकू जपानला आल्या त्याच मुळी उलट्या दिशेने. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर आमच्या इमारतीतली भारतीय कुटुंबं एकेक करून मायदेशी निघाली होती. आमच्या शेजारी राहणाऱ्या निखिलच्या बायकोला आठवा महिना लागलेला, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. तेव्हा या बाई एकट्या, जवळजवळ रिकाम्या विमानातून इकडे आल्या. “तीन सीटांवर आडवी झोपून आले,” हे त्यांचं मला सांगितलेलं पहिलं वाक्य. साताऱ्याजवळच्या एका गावात त्यांनी तीस वर्षं आठवीला इंग्रजी शिकवलं होतं. नात जरा मोठी झाली, पाळणाघरात जाऊ लागली, आणि काकूंना दिवस खायला उठला. मग तळमजल्यावरच्या रहिवाशांच्या खोलीत त्यांनी दर रविवारी शेजारच्या वयस्कर जपानी मंडळींना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. काकूंना जपानी येत नव्हतं, त्या मंडळींना मराठी. अडलं की दुभाषी मी.

त्या वर्गात साइतो-सान, आपल्या भाषेत साइतोराव, आले ते मुलीच्या आग्रहाने. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर त्यांचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. त्सुनामीत वर्कशॉप गेलं आणि बायकोही गेली. आता ते आमच्याच इमारतीत मुलीकडे राहत. बायकोचा डावा हात अर्धांगवायूने लुळा पडला होता, म्हणून त्यांनी तिच्यासाठी एक लाकडी फळी केली होती. तिच्यात आतून रबर लावलेली, निमुळती होत जाणारी खोबण होती. बरणी तिच्यात सरकवली की घट्ट अडकायची आणि एका हाताने झाकण फिरवता यायचं. ती फळीही पाण्यात गेली. मुलीने मागे लागून ती त्यांच्याकडून पुन्हा करून घेतली, आणि वृद्धांच्या उपयोगी वस्तूंच्या एका प्रदर्शनात तिला जागा मिळाली. परदेशी पाहुण्यांसमोर मात्र त्यांना स्वतः इंग्रजीत बोलायचं होतं. पसंत पडली तर ती कारखान्यात तयार होऊन घरोघर जाणार होती. नाहीतर जगात ती एकच, साइतो-सानच्या टेबलावर.

पहिल्या रविवारी ते घरून वाक्य लिहून घेऊन आले. ‘धिस वॉज मेड.’ काकूंनी विचारलं, कोणी? त्यांनी बराच विचार करून पुढे जोडलं, ‘बाय मेनी पीपल.’ काकूंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘इन्व्हेंट’ लिहिलं. साइतो-साननी नकारार्थी मान हलवली. हे थोरामोठ्यांचं क्रियापद आहे, असं ते मला हळू आवाजात म्हणाले. विमान, टेलिफोन, विजेचा दिवा. मी सुतार. आणि जिच्यासाठी केलं तिलाच वाचवता आलं नाही, तर ‘मी’ कुठल्या तोंडाने म्हणू...

मी ते काकूंना मराठीत सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. मग बोलू लागल्या ते थेट गावच्या शाळेबद्दल. एकदा त्यांनी वर्गाला याच क्रियापदाचा वाक्यात उपयोग करायला दिला होता. सगळ्यांनी पुस्तकातल्या शास्त्रज्ञांची नावं घातली. सुनंदा नावाच्या मुलीने लिहिलं, ‘माय मदर इन्व्हेंटेड अ फॅन.’ काकूंनी लाल पेनाने ‘इन्व्हेंटेड’ खोडून वर ‘मेड’ लिहिलं. काही दिवसांनी सुनंदा शाळेत का येत नाही हे बघायला त्या तिच्या घरी गेल्या. आईने पाळण्यावरच्या आढ्याला पुठ्ठ्याचं पातं आणि दोरी अशी काही बांधली होती, की पाळणा हलला की पातं हलायचं, बाळाला वारा लागायचा आणि डास बसत नसत. “तसं मी कुठे पाहिलं नव्हतं, पुढेही कुठे पाहिलं नाही,” काकू म्हणाल्या. चूक वर्गात कबूल करायला मात्र जीभ रेटली नाही. पुढे सुनंदाची शाळाच सुटली.

“त्यांना सांग,” काकू मला म्हणाल्या, “हे क्रियापद मी एकदा खोडलंय. पुन्हा खोडणार नाही.”

मी सांगितलं. साइतो-साननी पेन्सिल उचलून वहीत ‘आय’ लिहिलं. त्या दिवशी तेवढंच. बाकीचं वाक्य यायला आणखी तीन रविवार लागले.

प्रदर्शनाच्या दिवशी काकू इरकल नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. साइतो-सान उभे राहिले, वाकून नमस्कार केला आणि कागद न बघता म्हणाले, “आय इन्व्हेंटेड धिस फॉर माय वाइफ.” मग डावा हात पाठीमागे घेऊन त्यांनी लोणच्याची बरणी एका झटक्यात उघडून दाखवली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका परदेशी बाईंनी विचारलं, पत्नीला ती आवडली होती का? या प्रश्नाची तयारी नव्हती. मी दुभाषी म्हणून उठणार, तर काकूंनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. बरणी खाली ठेवून साइतो-सान म्हणाले, “येस. एव्हरी मॉर्निंग शी लाफ्ड. शी वॉज फास्टर दॅन मी.” सभागृह हसलं, मग टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि ते स्वतःही हसले. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. फळीची निवड झाली. आज ती दुकानांत मिळते, खोक्यावर त्यांचं नाव असतं. परतीच्या गाडीत काकू म्हणाल्या, “‘लाफ्ड’चा उच्चार अगदी बरोबर आला.”

त्यानंतर वर्गात नियमच झाला. नव्या माणसाने ‘आय’ने सुरुवात करून त्या क्रियापदाचं एक खरं वाक्य लिहायचं. कोणी म्हणायचं, मी काहीच केलं नाही. काकूंना ते मान्य नसे.

त्या गेल्यानंतरच्या रविवारी मी खाली गेले ती वर्ग संपल्याचं सांगायला. मंडळी आधीच जमली होती; बातमी त्यांना कळली होती. सगळ्यांनी उभं राहून डोळे मिटले. तेवढ्यात एक नव्या आजी दार उघडून आल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं नुसतं घर सांभाळलं, मी काय लिहिणार, असं त्या कसनुसं हसून म्हणाल्या. आज वर्ग नाही, हे माझ्या ओठांवर होतं. साइतो-सान सावकाश पुढे झाले आणि त्यांनी खडू घेऊन फळ्यावर ते क्रियापद लिहिलं.

“थिंक,” ते म्हणाले. “नो हरी.”

आजी आपल्या हातांकडे बघत बसल्या. मग त्यांनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, इंग्रजीत सुनेला काय म्हणतात? मी सांगितलं, स्पेलिंग एकेक अक्षर करून लिहून दिलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या ‘आय’पासून लिहायला लागल्या. मीही खुर्ची ओढून बसले.