फोन पर्समध्ये, पर्स खुंटीला

"फोन पर्समध्ये, पर्स खुंटीला."

दोऱ्याचं टोक दातात धरूनच आपा हे म्हणायची, त्यामुळं शब्द अर्धेमुर्धे बाहेर पडायचे. नवीन गिऱ्हाईक गोंधळून बघत राहायचं. मग आपा दोरा सोडायची, हात पुढं करायची आणि पर्स स्वतःच खुंटीला अडकवायची. तोवर भुवईला दोरा लागत नसे. एखादी मुलगी कुरकुरायची, "आपा, घरून फोन येईल."

"येऊ दे की. पर्समधून वाजत न्हाई व्हय?"

भिंगारच्या बाजारामागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. एक खुर्ची, एक बाक, दाराला जाड पडदा आणि भिंतभर आरसा. आरशावर लाल अक्षरांत पार्लरचं नाव. मी जवळच्याच शाळेत शिकवते. ती मला 'बाई' म्हणायची, मी तिला आपा. सगळं भिंगारच तिला आपा म्हणायचं. लष्करी छावणीतून बदली होऊन दूर गेलेल्या जवानांच्या बायकाही तिला फोन करून विचारायच्या, इथलं पाणी खारं आहे, केसांना काय लावू?

तुम्हाला वाटेल, ही बाई पहिल्यापासूनच मोबाईलची वैरी. अजिबात नाही. रोज सकाळी तिचं स्टेटस पडायचं. नवरी तयार झाली की आधी फोटो, मग दृष्ट. एकदा तर तिनं आमच्या मुख्याध्यापिकेचाच फोटो टाकला होता, चेहऱ्यावर पांढरा लेप, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या, आणि वर लिहिलं होतं, 'ओळखा कोण?' शाळेत आम्ही हसून बेजार झालो. मुख्याध्यापिकाही हसल्या. तेव्हा त्यात कुणालाच काही वाटत नसे.

मग ती लग्नसराई आली.

एका नवरीचा मेकअप चालला होता आणि तिची मैत्रीण रील काढत होती. आपाच तिला म्हणाली, "जरा तिरकी हो गं, आरशावरचं नाव येऊ दे." नाव आलं. नावाच्या खाली बाकावर बसलेली एक तरुण बाईही आरशात आली. केस मोकळे, डोक्याला तेल, कशाला तरी हसणारी.

ती शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींची भाची. तिचं नाव मी इथंही लिहीत नाही. खर्ड्याकडच्या एका गावात दिलेली होती. नवरा मारायचा. शिवाय त्यानं तिच्या मोबाईलमध्ये काहीतरी टाकून ठेवलं होतं. ती कुठं जाते, कुणाशी काय बोलते, त्याला बसल्या जागी कळायचं. माहेरी फोन केला की संध्याकाळी त्याचा जाब. म्हणून निघताना तिनं मोबाईल ओट्यावर ठेवला आणि नेसत्या लुगड्यानिशी एसटीत बसली. ती भिंगारला आहे हे मावशी आणि आपा सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. कित्येक दिवस ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. त्या दुपारी आपानंच तिला बोलावलं होतं, "ये, डोक्याला तेल घालते."

पुढच्या आठवड्यात मी खुर्चीत बसले होते. एक भुवई झाली होती. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि एक माणूस सरळ आत आला. पार्लरमध्ये पुरुष येत नाहीत, आपाचा भाऊसुद्धा दारातून हाक मारायचा. या माणसानं मोबाईल आपाच्या तोंडासमोर धरला. रील चालू होतं, गाण्यासकट.

"ही कुठं हाय?"

"इथं रोज बाया येत्यात. मी कुनाकुनाला ध्यानात ठिवू?"

"आरशावर तुमचंच नाव हाय ना?"

"नाव माझंच हाय. गिऱ्हाईक माझं न्हाई. आली, तेल घातलं, गेली. आन् तुमी आधी भाईर व्हा. बाया बसल्यात."

तो आवाज चढवून बोलला नाही. तेच जास्त भीतीदायक होतं. बाकावर हात ठेवून त्यानं खोली नीट पाहून घेतली, मागचं दार पाहिलं, मला पाहिलं. मग गेला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसला.

आपानं पडदा ओढून घेतला. मला म्हणाली, "बाई, तुमी हितंच बसा. खुर्ची रिकामी दिसाया नको." आणि मागच्या दारानं गेली. मी एका भुवईनिशी आरशासमोर बसून राहिले. टपरीवरून त्याला पडद्याखालून माझे पाय दिसत असणार, एवढंच डोक्यात घोळत होतं. पाय हलवायचीही भीती वाटली.

आपा परत आली तेव्हा घामानं भिजली होती. मावशींनी भाचीला मागच्या बोळातून बाहेर काढलं होतं. "कुठं धाडली?" मी हळूच विचारलं.

"मी इचारलंच न्हाई. मावशीला म्हनलं, मला सांगूच नगा."

मावशींनी पोलिसांत तक्रार दिली. त्याला बोलावून समज दिली गेली आणि त्याचं येणं थांबलं. पण भाची भिंगारला पुन्हा आली नाही. मी दुसऱ्या दिवशी शाळेत तशीच गेले, एक भुवई बारीक आणि एक जाड. कुणी हसलं तर मला रडू आलं असतं.

त्यानंतर आपा एका जागी बसेना. नवरीच्या त्या मैत्रिणीच्या घरी गेली. पोरगी घाबरून म्हणाली, "आपा, मी केव्हाच डिलीट केलं. पण कुणीकुणी पुढं पाठवलं, मला काय माहीत?"

"मग ज्यांना ज्यांना धाडलंस त्यांना फोन लाव. माझ्यासमोर लाव."

दुकान बंद ठेवून ती गल्लीगल्लीत हिंडायची. कुणाच्याही दारात उभी राहायची, "तुझ्या मोबाईलमधी हाय का बघ." लोक कंटाळले. "आपा, तो व्हिडिओ जुना झाला आता," असं म्हणायचे. ती म्हणायची, "त्या मानसासाठी जुना न्हाई झाला." एकदा मी तिला समजावायला गेले, "आपा, गुन्हा त्याचा आहे. तुझा काय दोष?"

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "नाव येऊ दे, असं मीच म्हनले बाई. कुनी सांगितलं नव्हतं मला."

ब्लेडनं खरवडून तिनं आरशावरचं नाव काढून टाकलं. स्टेटस बंद. खुंटी ठोकली ती तेव्हाच. कॉलेजच्या मुली हळूहळू चौकातल्या नव्या पार्लरकडं वळल्या. तिथं खास रील काढायला गोल दिवा लावला होता. आपाकडं आम्ही जुन्या बायका उरलो. समोरच्या दुकानदारानं कॅमेरा बसवला, तर त्याचं तोंड आपल्या दाराकडून वळवून घेईपर्यंत तिनं त्याला जेवू दिलं नाही. आम्ही हसायचो. तीही हसायची, पण पडदा हलला की तिची मान आधी वळायची.

दर ईदला तिच्या फोनवर एक मिस्ड कॉल यायचा. दर वेळी नंबर वेगळा. ती उलट फोन करायची नाही, नंबर पुसून टाकायची. "जिती हाय. बास," म्हणायची आणि शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात द्यायची.

गेल्या हिवाळ्यात आपा गेली. थोडक्या दिवसांचं दुखणं. मी गेले तेव्हा दारात चपलांना जागा नव्हती. आत तिची मुलगी मला बिलगून म्हणाली, "बाई, अम्मी तुमचं नाव घेत हुती." मी बराच वेळ तिच्याजवळ बसले.

संध्याकाळी घरी येऊन चहा ठेवला, तेवढ्यात मोबाईल वाजला. नकाशाच्या ॲपवरून निरोप होता. तिथं मी मोबाईल पर्समधून बाहेर काढलाही नव्हता, तरी त्यानं विचारलं होतं, 'तुम्ही आज या पार्लरला भेट दिलीत. अनुभव कसा होता?'

खाली पाच रिकाम्या चांदण्या होत्या. चहा उतू गेला तरी मी त्यांच्याकडंच बघत उभी होते.