आवाज आठेच तुटस

नाना राउटरवर आधी तळहात ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग माझ्याकडे वळून त्यांच्या अहिराणीत सांगायचे, "ताप शे याले. आज काही खरं नही."

यंत्राला माणसासारखं वागवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नानांना ती सवय नोकरीतून लागली होती. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांनी पारोळा, एरंडोल, सोनगीर सगळं पायाखाली घातलं होतं. निवृत्तीनंतर धुळ्याला देवपुरात राहत होते. मी तिथंच कॉम्प्युटर आणि वायफाय दुरुस्तीची कामं करते. बाई असून शिडीवर चढते, याचं त्यांना भारी कौतुक. पहिल्या दिवसापासून मला 'माय' म्हणायला लागले.

तक्रार साधी होती. वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधले व्हिडिओ खालच्या लॅपटॉपवर अडकत अडकत दिसायचे. "दोन मिनिटं चालस, मंग गोल फिरत बसस," नाना म्हणाले. लॅपटॉप होता पलंगावर, त्यांच्या पत्नीच्या, अक्कांच्या पुढ्यात. अर्धांगवायूनं अक्कांची उजवी बाजू आणि बोलणं, दोन्ही गेलं होतं.

मी म्हटलं, "नाना, कॉम्प्युटरच खाली आणू. नाहीतर सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून देते."

"नको, माय. वरलं मशीन चालू ऱ्हायनं का तिले बरं वाटस." मग हळूच म्हणाले, "पोऱ्यानी खोली शे ती."

पोरगा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना सोनगीरजवळ हायवेवर अपघातात गेला. एकुलता एक.

लॅपटॉपवर कुणाची तरी हळद चालू होती. तुमच्या नात्यातलं लग्न का, मी विचारलं.

"वळखीचं बी नही," नाना म्हणाले आणि उशीखालून एक वही काढली. वहीत फाईलचं नाव, पुढे मिनिट आणि त्यापुढे एखादं वाक्य. 'मामा, थोडं बाजूले व्हा.' 'नवरीबाई, वर दखा.' 'लाईट कोनी बंद कया?'

मला कळायला जरा वेळ लागला. कॅमेरा पोराच्याच खांद्यावर, त्यामुळे त्या शेकडो लग्नांत तो कुठंच दिसत नव्हता. मधूनच फक्त त्याचा आवाज यायचा. त्या आवाजासाठी ही दोघं अनोळखी लोकांच्या हळदी, वराती, पंगती तासन्‌तास बघत बसली होती.

"बठ्ठं नीट चालस," नाना म्हणाले, "पन त्याना आवाज उना का आठेच तुटस."

व्हिडिओ तर कुठंही अडकत होता, नेमका त्याच्या आवाजापाशीच तुटत नव्हता. पण मी वाद घातला नाही.

राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता, तो बाहेर काढला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग नानांना त्यांच्या भाषेत सांगितलं. वरचा कॉम्प्युटर फाईल हवेतून राउटरला देतो, राउटर तीच फाईल पुन्हा हवेतून लॅपटॉपला देतो. म्हणजे एकाच लाइनवर दोन बोलणी.

नानांचे डोळे चमकले. "मंग वरून तार टाकनी पडी."

तार त्यांनीच टाकली. मी शिडी धरून उभी होते. जिन्याच्या कडेनं वीत-वीत अंतरावर क्लिप, एकही वाकडी नाही. वरच्या खोलीत पोराची खुर्ची आड आली. ती त्यांनी सरकवली नाही, उचलली. आणि काम झाल्यावर फरशीवरच्या धुळीत तिच्या पायांच्या ज्या खुणा होत्या, बरोबर त्यांवरच ठेवली.

खाली येऊन मी एक फाईल लावली. वरात थांबली, बँड थांबला आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला, "आजी, जराशी हास ना वं." अख्खं वाक्य, न तुटता. अक्कांनी डावा हात पडद्यावर ठेवला आणि काढलाच नाही. नाना भिंतीकडे वळले नि घट्ट बसलेली एक क्लिप पुन्हा ठोकू लागले.

तो हिवाळा त्यांचा बरा गेला. अधूनमधून नानांचा फोन यायचा, "माय, आज तीन सापडनात." म्हणजे त्याची तीन नवी वाक्यं मिळाली. एकदा तर घरीच बोलावून घेतलं. एरंडोलच्या एका लग्नात नवरीच्या मागं आरसा होता. त्यात दोन क्षण तो दिसत होता. अर्धा चेहरा कॅमेऱ्याआड. अक्कांनी त्याला आधी ओळखलं, हे नाना मला पुन्हापुन्हा सांगत होते.

होळीच्या सुमारास अक्का गेल्या. महिन्याभरानं नानांचा फोन आला, नेट पुन्हा मंद झालंय. मी जाऊन तपासलं. सगळं ठणठणीत होतं.

"स्पीड चांगला आहे, नाना."

"व्हय का?" ते लॅपटॉपकडे बघत राहिले. "एकट्याले ऐकाना धीर व्हत नही, माय. तू बस जराशी."

मी तासभर बसले. मग दुसऱ्या कामाचे फोन येऊ लागले आणि मी उठले.

वैशाखात नानाही गेले. जळगावहून त्यांची पुतणी आली होती. तिला नानांचा फ्रेम करण्याजोगा फोटो सापडेना, म्हणून तिनं मला बोलावलं. मी वर जाऊन कॉम्प्युटर उघडला. लग्नांच्या फोल्डरशेजारी 'टेस्ट' नावाचा आणखी एक फोल्डर होता. त्यात एकच व्हिडिओ, नवीन कॅमेरा घेतला त्या दिवसाचा. अकरा मिनिटांचा. पोरगा सारखा बोलत होता. स्वयंपाकघरातून अक्का त्याला उत्तरं देत होत्या. मधेच त्यानं कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि पोट धरून हसला. पूर्ण चेहरा.

नानांनी लग्नं मागितली होती, म्हणून तार टाकल्यावर खालच्या लॅपटॉपसाठी मी लग्नांचाच फोल्डर नव्यानं शेअर केला होता. दुसरं काही आहे का, हे मी पाहिलंच नव्हतं. एका क्लिकचं काम होतं.

खालून पुतणीनं विचारलं, "सापडला का हो?"

व्हिडिओत नाना नोकरीतल्या खाकी कपड्यांत घरापुढच्या ओट्यावर आले. "मना काय काढस? तुन्या मायले काढ." "नाना, एक मिनिट उभा ऱ्हाय ना," पोरगा म्हणाला. आणि नाना उभे राहिले, हात सरळ ठेवून, कॅमेऱ्याच्या वर पोराकडे बघत.

तिथला फोटो मी काढून दिला. तो फ्रेममध्ये लागला आहे. बघणारे म्हणतात, फोटो चांगला आहे, फक्त नाना समोर न बघता जरा वर बघताहेत.